अकरा मीटरची लाईन

आमच्या ऑफिसातली आगगाडी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटते. स्टोअरच्या खिडकीपासून टेस्टिंगच्या टेबलापर्यंत, भिंतीला छातीच्या उंचीवर ठोकलेल्या फळीवरून, अकरा मीटर. एक खेळण्यातलं डिझेल इंजिन आणि तीन उघड्या वॅगनी. वॅगनीत तारांच्या टोकांना लावायचे लग असतात, फ्यूज असतात, कधी तारांवर चढवायच्या नंबरांच्या फेरुलची पुडी. वायरमनने टेबलावरचं बटण दाबलं की स्टोअरमधल्या काकांकडे दिवा लागतो, ते माल भरतात, त्यांच्याकडचं बटण दाबतात आणि गाडी निघते. पंचावन्न सेकंदांत पोचते. माल उतरला की आपली आपण उलटी परत येते.

अकरा मीटर कोणीही चालत जाईल, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. भेटायला येणारे गिऱ्हाईक तेच विचारतात. पण ही गाडी पायपीट वाचवायला ठेवलेलीच नाही.

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे. आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो. कारखान्यांतले पंप, कन्व्हेयर, मिक्सर कधी चालू व्हायचे, कधी बंद व्हायचे, कोणाच्या आधी कोण, हे ज्या लोखंडी कपाटातून ठरतं ते कपाट. आत कॉन्टॅक्टर, रिले म्हणजे करंट मिळाला की उचलणारा आणि गेला की पडणारा स्विच, टर्मिनल, पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आणि शेकडो तारा. माझ्याकडे आयटीआय करून मुलं येतात. हुशार असतात, हात चांगला असतो. पण त्यांनी वायरिंग केलेलं पॅनल क्रेट भरून कुठे दहेजला, कुठे हालोलला जातं आणि ते प्रत्यक्षात काय हलवतं हे त्यांना कधी दिसत नाही. त्यांच्यासाठी आउटपुट म्हणजे पीएलसीवरचा एक हिरवा ठिपका. ठिपका लागला, काम झालं. त्यांच्या तारेने काहीतरी खरोखर हललेलं त्यांना रोज दिसावं, एवढ्यासाठी मी हा खर्च केला.

गाडी एचओ मापाची आहे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या मापात एक गंमत दडलेली आहे. साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणलं की जवळपास 1435 मिलिमीटर येतात, तो युरोप-अमेरिकेचा गेज. आपली मोठी लाईन 1676ची. तेव्हा या रुळावर आपलं भारतीय इंजिन ठेवलं की ते अंगाने बरोबर असतं, पण उभं असतं दुसऱ्याच्या चपलांत. ही गोष्ट मला अप्पांनी दाखवली. फूटपट्टी घेऊन, पहिल्याच दिवशी.

अप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेत सिग्नल खात्यात होते, आता एक्याऐंशीचे आहेत. कारखान्यातली गुजराती मुलं त्यांना दादा म्हणतात. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, पण माझ्या मराठी कानाला ते मोठ्या भावासारखं ऐकू येतं आणि दर वेळी बरं वाटतं. शनिवारी मी त्यांना सोबत घेऊन येते. दांडिया बाजारातून मकरपुऱ्यापर्यंत रस्त्यात लागणारी प्रत्येक फाटकाची आणि पुलाची जागा ते मला सांगतात. सगळी मला पाठ आहेत, तरी मी ऐकते.

गाडी बसवली ती आमच्याकडच्या दोन मुलांनी, महिनाभर संध्याकाळी थांबून. बारा व्होल्टचा सप्लाय दोन रुळांना. एका रुळाला प्लस, दुसऱ्याला मायनस. उलट केलं की गाडी उलटी जाते. त्यासाठी दोन रिले, एकमेकांना इंटरलॉक केलेले, म्हणजे फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही एकदम कधीच लागणार नाहीत. मोटर उलटी-सुलटी फिरवायच्या स्टार्टरमध्ये आम्ही हेच करतो. वेग कमी-जास्त करायला एक पीडब्ल्यूएम कार्ड. दोन्ही टोकांना फळीत रीड स्विच बसवले आणि इंजिनाच्या पोटाला एक लोहचुंबक चिकटवलं. चुंबक स्विचवरून गेलं की पीएलसीला इनपुट मिळतं: गाडी पोचली, थांबव.

हे सगळं फारच छान चाललं. जवळपास तीन आठवडे.

एका बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या खुर्चीत होते आणि टेस्टिंगच्या टेबलाकडून आवाज आला. आधी लाकडावर ठक्, मग फरशीवर काहीतरी फुटल्यासारखा. गाडी टोकाला थांबलीच नव्हती. फळीच्या शेवटी लावलेला लाकडी ठोकळा तिने वॅगनींच्या तोंडाने ढकलून पाडला आणि पाठोपाठ आख्खी गाडी खाली. इंजिनाची बॉडी एका कोपऱ्यात तडकली, दोन कपलिंग तुटले, लग टेबलाखाली सगळीकडे. ज्या मुलाने वायरिंग केलं होतं तो डबा उघडा टाकून धावत आला आणि गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा गोळा करायला लागला. कोणी काही बोललं नाही.

कारण शोधायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रीड स्विचची तार टर्मिनलमधून सुटली होती. स्क्रू पुरता आवळलेला नव्हता, तारेला लगही नव्हता, उघडे धागे नुसते आत खुपसलेले. आमच्या इथून जे पॅनल बाहेर जातं त्यातली प्रत्येक तार दोन वेळा ओढून पाहिली जाते. एकदा वायरिंग करणारा ओढतो, एकदा टेस्टिंगवाला. या तारेला कोणी हात लावला नव्हता. खेळणं आहे म्हणून. मी त्या मुलाला म्हटलं, "तार सुटणार. कुठली ना कुठली कधीतरी सुटणारच. ती सुटल्यावर आपली गाडी पळाली कशी, ते बघ."

मला स्वतःला ते बघायला शनिवार उजाडावा लागला.

अप्पांनी तडकलेलं इंजिन हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "थांब असं कोण सांगतं हिला?"

मी म्हटलं, सेन्सर.

"आणि सेन्सर मेला तर?"

"तर पीएलसीला कळत नाही."

"म्हणजे काही न कळणं म्हणजे जा, असं झालं ना हे." त्यांनी इंजिन टेबलावर हळूच ठेवलं. "उलटं केलंयस तू."

मी कंट्रोल पॅनल बनवणारी बाई. इमर्जन्सी स्टॉपचं बटण नेहमी एनसी कॉन्टॅक्टवर, म्हणजे दाबलेलं नसताना करंट चालू राहील असंच जोडायचं, दाबलं की करंट तुटतो, तार तुटली तरी करंट तुटतो आणि मशीन दोन्ही वेळेला थांबतं, हे मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवते आहे. मशीनच्या बाबतीत माझा हात यात कधी चुकला नाही. आणि माझ्याच भिंतीवर, माझ्याच डोळ्यांसमोर, मी तार सुटली की पळणारी गाडी तीन आठवडे कौतुकाने बघत होते.

अप्पांची सगळी नोकरी याच एका गोष्टीभोवती गेली. रेल्वेत ट्रॅक सर्किट असतं. रुळाचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी इन्सुलेटेड जॉइंटने वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. बॅटरीचा करंट एका रुळातून जातो, रिलेतून फिरून दुसऱ्या रुळातून परत येतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, करंट तिथूनच मागे फिरतो, रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. आणि बॅटरी उतरली, तार तुटली, रूळच मोडला, तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. हिरवा दिसायचा तर सगळंच्या सगळं धड असावं लागतं.

हे ज्याने शोधलं त्या विल्यम रॉबिन्सनने आधी तीच चूक केली होती जी मी केली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात त्याने पहिली मांडणी केली ती उघड्या सर्किटची: गाडी आली की करंट सुरू होईल आणि त्याने सिग्नल लागेल. मग त्याच्या ध्यानात आलं की तार तुटली तर करंट सुरू होणारच नाही आणि गाडी उभी असताना रस्ता मोकळा दिसेल. त्याने सगळं मोडून उलटं केलं आणि 1872मध्ये बंद सर्किटचं पेटंट घेतलं. जगभर लोहमार्ग अजून त्यावर चालतात. हे मला अप्पांनी त्या शनिवारी सांगितलं. माझ्या समाधानासाठी सांगितलं असावं, कारण त्यांचा आवाज मऊ झाला होता.

आम्ही प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. पावसाळ्यात रात्री-बेरात्री दार वाजायचं. पोर्टर छत्री मिटत म्हणायचा, ट्रॅक फेल आहे. खडी ओली झाली, चिखल साचला की करंट एका रुळातून दुसऱ्यात मधल्या मध्येच झिरपतो, रिलेला पुरत नाही आणि गाडी नसताना सिग्नल लाल होऊन बसतो. अप्पा रेनकोट चढवायचे, खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात टॉर्च. पहाटे परत यायचे तेव्हा त्यांच्या विजारीला गुडघ्यापर्यंत काळा चिखल असायचा. आई चहा ठेवता ठेवता त्या सिग्नलला नावं ठेवायची. मेला जरा पाऊस आला की लाल. अप्पा बशीत चहा ओतत म्हणायचे, "अगं, लाल झाला ते बरंच झालं ना." मला तेव्हा वाटायचं ते आईची समजूत घालतायत. ते खरोखर तसंच म्हणत होते, आणि ओल्या कपड्यांत म्हणत होते.

तर आमच्या अकरा मीटरच्या लाईनीवर ट्रॅक सर्किट लावावं असं माझ्या मनात आलं. ते जमत नाही. खेळण्यातल्या गाडीला करंट रुळांतूनच मिळतो. तिची आस दोन्ही रूळ जोडेल तर सप्लायच शॉर्ट होईल. म्हणून या गाडीच्या चाकांत आणि आसेत मुद्दाम इन्सुलेशन असतं. अप्पांनी एक वॅगन उलटी करून मल्टिमीटरने दोन चाकांमध्ये मोजलं. काहीच नाही. खऱ्या गाडीत जे चाक सगळ्यांना वाचवतं ते इथे मुकं करून ठेवलेलं.

मग त्यांनी डायोड मागितले. आमच्याकडे साधे 1एन4007 डब्याने पडलेले असतात. फळीच्या दोन्ही टोकांजवळ एका रुळाला करवतीने बारीक काप दिला आणि कापावर डायोड जोडला. डायोडमधून करंट एकाच दिशेने जातो. गाडी टोकाकडे जात असताना तो आडवा असतो, त्यामुळे इंजिन कापापलीकडे गेलं की त्याला करंटच मिळत नाही आणि ते आपोआप थांबतं. सेन्सर नको, पीएलसी नको. सप्लाय उलटा केला की तोच डायोड वाट देतो आणि इंजिन बाहेर येतं. जुन्या काळापासून छंदवाले लोक हे करत आले आहेत. आम्ही इतकी महागडी पीएलसी लावून बसलो होतो त्यामुळे सुचलं नाही.

अप्पांनी प्रत्येक कापावर दोन-दोन डायोड लावले, एकापुढे एक. मुलाने विचारलं, दादा, दोन कशाला? डायोड मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे दोन्हीकडून वाट देतो, म्हणजे गाडी पुन्हा खाली. एक मेला तर दुसरा उभा हवा. दोन डायोडांत मिळून दीडेक व्होल्ट खाल्ला जातो, म्हणून टोकावरून निघताना गाडी जरा आळसावलेली असते. काप ओलांडला की एकदम वेग धरते. तो क्षण मला फार आवडतो. काम करता करता कानाने ओळखू येतो.

काप कुठे द्यायचा यावर एक अख्खी दुपार गेली. स्टोअरच्या टोकाला इंजिन पुढे असतं, तिथे चाळीस सेंटिमीटर सोडले की भागतं. पण टेबलाच्या टोकाला इंजिन वॅगनींना ढकलत येतं. तीन वॅगनी आधी पोचतात आणि करंट मात्र मागच्या इंजिनाचा तुटायचा असतो. म्हणून तिथे वॅगनींची लांबी अधिक घरंगळायला जागा, असे पंच्याहत्तर सेंटिमीटर ठेवले. भरलेल्या वॅगनी आणि रिकाम्या वॅगनी वेगळ्या अंतरावर थांबतात. मुलांनी दोन्ही मोजून फळीवर पेन्सिलीने खुणा केल्या, तारीख घातली. त्या पुसायच्या नाहीत असं सांगून ठेवलंय.

रीड स्विच काढले नाहीत. पण त्यांच्याकडे आता वेग कमी करण्याचं आणि वेळ मोजण्याचं काम आहे. सत्तर सेकंदांत गाडी पोचल्याचं कळलं नाही तर पीएलसी मुख्य रिले सोडून देते. आणि अप्पांनी हट्टाने एक तार घालून घेतली: चोवीस व्होल्टची एकच तार, लाईनीवरच्या प्रत्येक कनेक्टरमधून आत-बाहेर ओवलेली, शेवटी त्या मुख्य रिलेच्या कॉइलवर. कुठलाही कनेक्टर सुटला की माळ तुटते, रिले पडतो, रुळांचा करंट जातो, भिंतीवर लाल दिवा. हिरवा दिवा त्याच रिलेच्या कॉन्टॅक्टमधून येतो.

हे सगळं चाललं असताना जेवणाच्या वेळी अप्पा डभोईच्या गोष्टी काढायचे. खंडेराव महाराजांनी 1862मध्ये डभोई ते मियागाम अशी अरुंद लाईन टाकली, अडीच फुटी. आपल्या देशातली ती पहिली अरुंद लाईन. आणि सुरुवातीला ती गाडी बैल ओढायचे. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं इंजिन आलं, पण रूळ इतके हलके होते की ते इंजिनाचं वजन पेलेनात. 1873मध्ये जड रूळ घातले तेव्हा कुठे त्या लाईनीत दम आला. तोवर बैल. आमच्या मुलांना ही गोष्ट इतकी आवडली की फळीला खालून नवे ब्रॅकेट लावताना ते एकमेकांना म्हणत होते, पहिले पाटा मजबूत कर, नहीं तो बळद लाववा पडशे. म्हणजे आधी रूळ मजबूत कर, नाहीतर बैल आणावे लागतील. वडोदऱ्याची जी भाषा आहे ना, तीन भाषांची, ती अशी.

लहानपणी आम्ही त्याच छोट्या गाडीने डभोईपर्यंत जायचो, पुढे बसने गरुडेश्वरला. टेंबे स्वामींच्या समाधीला आई दरवर्षी जायची. धुराचं इंजिन होतं. वळणावर खिडकीतून स्वतःच्याच गाडीचं इंजिन दिसायचं आणि डोळ्यांत कोळशाचा कण गेला की आई पदराच्या टोकाला फुंकर मारून तो काढायची. आता डभोईवरून मोठी लाईन जाते. 2021च्या जानेवारीपासून थेट केवडियापर्यंत. सोयीची आहे, मीही तिने गेले आहे. खिडकी उघडत नव्हती.

गाडीची निगा हे मुलांचं काम. सोमवारी सकाळी नऊला, गाडी सुटायच्या आधी, रूळ पुसायचे. हे रूळ निकेल सिल्व्हरचे, ज्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त. मकरपुऱ्याची धूळ, चाकांचा मळ आणि ठिणग्यांची काजळी त्यावर बसते आणि इंजिन अडखळायला लागतं. सुती फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोटाने दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. फडक्यावर दोन काळ्या समांतर रेघा उमटतात, रुळांइतक्याच अंतरावर. पहिल्या सोमवारी मुलाने ते फडकं फेकलं नाही, मला आणून दाखवलं. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

त्याच मुलाने, ज्याची तार सुटली होती, गेल्या महिन्यात एका गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग माझ्यासमोर आणून ठेवलं. कन्व्हेयरच्या शेवटचा लिमिट स्विच त्यांनी एनओ, म्हणजे दाबल्यावरच करंट देणारा, दाखवला होता. "बेन, आ वायर टूटे तो बेल्ट ऊभो नहीं रहे," तो म्हणाला. ही तार तुटली तर बेल्ट थांबणार नाही. आम्ही गिऱ्हाईकाला फोन केला, त्यांनी ड्रॉइंग बदललं. पाच मिनिटांचं बोलणं. मी नंतर थोडा वेळ दुसरं काही केलं नाही.

आणि अप्पा. शनिवारी ते आल्यावर सगळ्यांशी बोलतात, लीलो चेवडो घेतात, चहा घेतात, लाईनीच्या कडेकडेने हात मागे बांधून फिरतात. आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून कुठला तरी एक कनेक्टर अर्धा सोडवतात. पूर्ण नाही, दिसणार नाही इतकाच. लाल दिवा लागतो, गाडी असेल तिथे उभी राहते, आणि ज्याची पाळी असेल तो मुलगा मल्टिमीटर घेऊन फळीखाली शिरतो. अप्पा खुर्ची ओढून बसतात आणि मनगटावरचं घड्याळ बघतात. परवाच्या शनिवारी त्यांनी टेबलाजवळचा सोडवला होता. मुलगा बरोबर माळेच्या मध्यापासून मोजायला लागला, मग अर्ध्याच्या अर्ध्यावर. कनेक्टर दाबला, हिरवा लागला.

"चार मिनिटं," अप्पा म्हणाले. "मागल्या खेपेला सहा लागली होती."

गाडी अडकली होती तिथून सुटली. मधल्या वॅगनीत अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेला लागणाऱ्या निळ्या लगांची पुडी होती. टेबलावरचा वायरमन केव्हाचा तिची वाट बघत होता.